बारशाआधीचं नाव

१

दुपारचं जेवण झालं की पुल्लाला बाहेर झोपवायचं. आमच्या घरात ज्यावर कधी वाद झाला नाही अशी ही एकच गोष्ट.

आधी लोकरीचे मोजे, मग लोकरीची विजार, मग गळ्यापर्यंतचा लोकरी पोशाख, टोपी, हातमोजे, आणि हे सगळं गाठोडं मेंढीच्या कातड्याच्या पिशवीत. गाल तेवढे उघडे. बाबागाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली भिंतीला लावून उभी करायची, वारा लागू नये म्हणून तिचा टप जंगलाच्या बाजूला. गाडीत बाळाचा आवाज घरात पोचवणाऱ्या मॉनिटरचा एक डबा, दुसरा आत खिडकीच्या कठड्यावर. बाहेर पारा शून्याच्या किती का खाली असेना, पोर लालबुंद गालांनी दिवस कलेपर्यंत झोपायची. घरात मात्र पंधरा मिनिटं डोळा लागला तरी नशीब.

पुल्ला हे तिचं नाव नव्हे. पुल्ला म्हणजे वेलदोड्याचा गोड पाव. जन्मली तेव्हा ती तशीच फुगीर आणि तुकतुकीत होती, म्हणून माझा नवरा ओत्सो तिला तसं म्हणाला आणि ते चिकटलं. खरं नाव बारशाच्या दिवशी धर्मगुरूंनी विचारेपर्यंत कोणालाही सांगायचं नाही, ही रीत. मी तशी रीती मोडणाऱ्यांतली. पण ही रीत मी अगदी निष्ठेने पाळली, कारण तिच्यामुळे माझी सासू तडफडत होती.

सासू इर्मेली. अंगणाच्या पलीकडच्या लाल घरात राहायची आणि आमच्या घरात वावरायची. दार वाजवणं हे परक्यांचं काम, असं तिचं मत.

"माझ्या कानात सांग, हेता," ती म्हणायची. "मी म्हणजे थडगं आहे, थडगं."

"थडग्यावरसुद्धा नावं लिहिलेली असतात, इर्मेली."

"निदान कशावरून सुरू होतं ते तरी?"

"अक्षरावरून."

"जिभेला काय धार आहे बाई हिच्या! तांपेरेला हेच शिकवतात वाटतं कॉलेजात?" मग पुल्लाकडे वळून, "शिकलेली आई मिळाली गं तुला. आता दूधसुद्धा पुस्तकात बघून मिळणार."

मी तांपेरे शहरात समाजशास्त्र शिकले, तिथल्या एका वर्तमानपत्रात नोकरी केली, आणि ओत्सो लाकूडतोडीचं यंत्र चालवतो म्हणून उत्तरेकडच्या या कायनूच्या जंगलात येऊन राहिले. हे मी स्वतः ठरवलं होतं. हिवाळ्यात लाकूडतोडीचा हंगाम, तो अंधारात जायचा आणि अंधारात यायचा. मधला सगळा उजेड माझा, पुल्लाचा आणि इर्मेलीचा. बाळाला असं धर, तसं धर. ढेकर काढलीस का? सौनाच्या वाफेत नेलं नाहीस अजून? आमच्या वेळी असं नव्हतं. हे सगळं कशासाठी असं विचारलं, तर एकच उत्तर. "असंच असतं."

माझ्याच घरात मला माझ्या मुलीला तिच्या नावाने हाक मारता येत नव्हती. इर्मेली कधी कुठल्या दारातून उगवेल याचा नेम नव्हता. म्हणून मी ते नाव बाहेर घ्यायला लागले. गाडी लावली, पिशवीची चेन वर ओढली, टपाखाली डोकं घातलं आणि हळूच तिचं नाव म्हटलं. म्हणताना मला थोडं हसू आलं. चोरून काहीतरी खाताना येतं तसं. पुल्ला माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मागे अंगण, अंगणामागे पाइनच्या झाडांची काळी रांग, आणि ऐकायला कोणी नाही.

मग रोजच म्हणायला लागले. दिवसातलं तेवढंच माझं होतं.

२

त्या दिवशी भुरभुर बर्फ पडत होतं. मी भांडी विसळत होते. मॉनिटरवर पुल्लाचा श्वास येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, मध्ये नाकाची बारीक शिट्टी.

मग तिच्या श्वासावर कोणीतरी बोललं.

पूर्ण शब्द नव्हता. तिच्या नावाचा पहिला तुकडा तेवढा. म्हटला आणि थांबलं. कॉफी फार गरम आहे का हे बघायला आधी नुसते ओठ लावावेत, तसं.

मी नळ बंद केला. श्वास. नाकाची शिट्टी. पुन्हा तो तुकडा, आता थोडा जास्त ठाम.

मी मोज्यांवरच बाहेर धावले. गाडी जागच्या जागी. पुल्ला गाढ झोपलेली. अंगणात कोणी नाही. पायऱ्यांपासून गाडीपर्यंत पावलं होती, पण ती माझी असणारच, तासाभरापूर्वी मीच तर आले होते. म्हटलं, कानात पाण्याचा आवाज बसला असेल. झोप झालेली नाही. मेंदू अर्ध्या झोपेत वाटेल ते ऐकतो, याच्यावर मी एकदा लेखही लिहिला होता.

तेवढ्यात पाय गारठले म्हणून मी खाली बघितलं, मग वर. पायऱ्यांच्या कठड्यावर बर्फाचा पातळ थर होता. सरपणाच्या ढिगावर होता. गाडीच्या दांडीवर, चाकांवर होता. टपावर मात्र कणभरही नव्हता. काळं कापड स्वच्छ होतं, नुकतंच कोणी तळव्याने पुसल्यासारखं.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं, आणि ते पुल्लाचं नव्हतं.

३

इर्मेली तिच्या स्वयंपाकघरात राय या धान्याच्या काळसर पिठाच्या पाऱ्या लाटत होती. कोपरापर्यंत पीठ. मी पुल्लाला पोटाशी धरून तशीच आत घुसले. मीही दार वाजवलं नाही.

"तू बाहेर उभी राहून ऐकतेस ना?"

"काय ऐकते?"

"नाव. माझ्या मागे येतेस, ऐकतेस, आणि मग तिला जाऊन म्हणून दाखवतेस. टपावरचं बर्फ कोणी झटकलं?"

"अगं बाई, मी सकाळपासून उंबरा ओलांडलेला नाही. हे बघ." तिने पिठाचे हात पुढे केले. टेबलावर पाऱ्यांची रास होती, भट्टीत एक खेप भाजत होती. हे सगळं टाकून ती माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिली असेल, असं म्हणायला मलाही तोंड नव्हतं. म्हणून मी जास्तच चिडले.

"मग कोणी घेतलं तिचं नाव?"

इर्मेलीचं लाटणं थांबलं. "तू ते बाहेर घेतलंस?"

"म्हणजे?"

"छपराखाली नाही. बाहेर. उघड्यावर घेतलंस?"

"माझ्या मुलीचं नाव मी कुठे घ्यायचं ते मी ठरवेन. घरात तू घेऊ देतेस का?"

  तिने हात पुसले, पुल्लाच्या टोपीखाली दोन बोटं घालून तिचं कपाळ चाचपलं. मग म्हणाली, "आता तिला बाहेर झोपवू नकोस."

मला खरंच हसू आलं. "तूच म्हणायचीस ना, बाहेर झोपलेलं पोर गारठत नाही, घरात झोपलेलं लाडावतं?"

"म्हणायचे. आता नको."

"का पण?"

"नको म्हटलं ना."

"कारण सांग, इर्मेली. एकदा, एका गोष्टीचं तरी कारण सांग!"

"कारण कशाला हवं दरवेळी? हात पोळतो म्हणून भट्टीला हात लावत नाही आपण. भट्टी का पोळते ते विचारत बसतो का?"

"मी विचारते."

"हो, तू विचारतेस," ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. पारी मात्र फाटली.

४

रात्री जेवताना मी ओत्सोला सांगितलं. ओत्सो हळू बोलतो. आधी चावतो, मग गिळतो, मग विचार करतो, मग बोलतो. लग्नाआधी मला ते फार गोड वाटायचं.

"दुसऱ्या कोणाचा मॉनिटर असेल," तो म्हणाला. "आवाज मिसळतात."

"सगळ्यात जवळचं बाळ कुठे आहे इथे?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "चर्चपाशी."

"मध्ये अख्खं तळं आहे, ओत्सो. आणि त्या बाळाचं नावही हेच आहे का?"

"तू दमली आहेस, हेता."

हे वाक्य मला सगळ्यांनी ऐकवलं. आईबाबा हिवाळ्यात स्पेनला असतात, ते फोनवर उन्हात बसून म्हणाले, दमली आहेस. बाळांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, तेल्लेर्वो त्यांचं नाव, पुल्लाचं वजन करता करता म्हणाल्या, "चेहरा ओढलाय. झोप होते का?"

"ही घरात झोपत नाही."

"मग बाहेर झोपव की. थंडी काही फार नाही अजून."

त्यांना त्या आवाजाबद्दल सांगितलं तर काय होईल ते मला लख्ख दिसलं. तेल्लेर्वो मान कलती करतील, माझ्या हातावर हात ठेवतील, ओत्सोला फोन करतील. थोडे दिवस आराम कर म्हणतील. आणि मी आराम करत असताना पुल्ला कोणाच्या मांडीवर असेल? इर्मेलीच्या. मला आवाज ऐकू येत होते की नव्हते ते बाजूला राहू दे, पण ते सांगितल्यावर माझी मुलगी माझ्याकडे राहणार नव्हती, हे नक्की.

"आवाज काढते का आता?" तेल्लेर्वोंनी विचारलं. "आपण बोललो की उत्तर दिल्यासारखं? या वयात करतात."

"अजून नाही."

"करेल. पहिलं उत्तर आईलाच मिळतं." त्यांनी पुल्लाच्या डोळ्यांसमोर लाल खुळखुळा धरला आणि बाजूला नेला. पुल्लाची नजर खुळखुळ्यामागे गेली नाही. ती खिडकीकडे लागली होती. खिडकीबाहेर गाड्या लावायची जागा, आणि त्यापलीकडे झाडं.

"उजेडाकडे बघतात," तेल्लेर्वो म्हणाल्या. "चांगलं लक्षण आहे."

बाहेर ढग इतके होते की खिडकी राखाडी दिसत होती.

५

इर्मेलीने सांगितलं म्हणून नाही, पण मी तिला काही दिवस घरात झोपवलं. म्हणजे झोपवायचा प्रयत्न केला. ती रडायची. खांद्यावर, पोटावर, गाडीत, पंख्याच्या आवाजात, अंधारात, उजेडात. पाठ धनुष्यासारखी ताणून रडायची आणि रडता रडता मान दाराकडे टाकायची. मी तिच्यासोबत रडले. एकदा मी उशीवर इतक्या जोरात किंचाळले की दातात पीस आलं. इर्मेली दारात उभी होती. तिने पुल्लाला घेतलं आणि पुल्ला तिच्याकडेही तितकीच रडली. मला त्याचं समाधान वाटलं, आणि त्या समाधानाची किळस.

शेवटी एका दुपारी मी तिला गुंडाळलं आणि बाहेर नेलं. स्वच्छ दिवस होता. उन्हाने बर्फ असा चमकत होता की डोळे मिटावेत. अशा उजेडात कशाची भीती? मी बाजूला स्टूल टाकलं, मांडीवर घोंगडी घेतली आणि पहारा करत बसले. पुल्ला क्षणात झोपली. कोणी आलं नाही. एक खारही फिरकली नाही. ओंडक्यांवरून बर्फ वितळून ठिबकत होतं. मला माझंच हसू यायला लागलं. समाजशास्त्राची पदवी घेतलेली बाई बाबागाडीवर राखण करत बसली आहे.

पाय बधिर झाले तेव्हा मी कॉफी आणायला आत गेले. खिडकीतून गाडी दिसतच होती. एका हाताने कप भरत मी तिच्यावरून नजर काढली नाही. हे मी शपथेवर सांगेन. गाडीपाशी कोणी नव्हतं. टपाचं तोंड भिंतीकडे, आतलं दिसत नव्हतं, पण गाडीच्या भोवताली सगळीकडे नुसतं ऊन.

आणि कठड्यावरच्या मॉनिटरमधून तिचं नाव आलं. पूर्ण.

माझ्या आवाजात.

माझ्यासारख्या आवाजात नव्हे. मी जसं म्हणते तसंच. पहिल्या अक्षरावर किंचित रेंगाळून, आणि शेवटी ते चोरून आलेलं हसू. रेकॉर्डिंग असेल, हा पहिला विचार. मॉनिटरमध्ये काहीतरी साठून राहतं, आणि ते पुन्हा वाजतं. असं होत असेल. होतच असेल. मी हा विचार दोन्ही हातांनी धरून ठेवला.

मग पुल्लाने उत्तर दिलं.

"अगू," ती म्हणाली. "अ-गूऽ."

मी हे आधी कधी ऐकलं नव्हतं. ओठ सुकेपर्यंत मी तिच्याशी बोलले होते, गाणी म्हटली होती, एका उत्तराची वाट बघत. ते मिळालं, आणि मी भिंतीच्या आत होते.

आवाजाने पुन्हा नाव घेतलं. कौतुकाने. पुल्ला पुन्हा बोलली. थांबून, ऐकून, आपली पाळी आली की बोलत होती. त्या दोघी गप्पा मारत होत्या.

कप कुठे पडला आठवत नाही. मी टपाखाली डोकं घातलं तेव्हा पुल्ला जागी होती, हसत होती, बोळक्या तोंडाने, गालांना खळ्या पाडून. माझ्याकडे बघून तिचं हसू हळूहळू मावळलं. ती माझा चेहरा निरखत राहिली. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, आणि ती पुन्हा हसली.

मी मागे वळले नाही. मी तिला कातड्यासकट उचललं आणि आत पळाले. मी का वळले नाही, याचा मला आजही राग येतो.

६

बारसं रविवारी होतं, घरीच, भर दुपारी. धर्मगुरू माझ्याच वयाच्या होत्या, हसऱ्या. बर्फातून गाडी बाहेर काढायला ओत्सोला बोलवावं लागलं म्हणून दहादा माफी मागत आत आल्या. बाळाची धर्ममाता म्हणून माझी मैत्रीण साइमी तांपेरेहून आली होती. बाकी ओत्सोकडचे काका-काकू. बाहेरच्या खोलीत कोटांचा आणि बुटांचा ढीग झाला म्हणून ओत्सोने बाबागाडी अंगणात नेऊन ठेवली होती.

मी ठरवलं होतं. आज ते नाव मोठ्याने, सगळ्यांसमोर, या छपराखाली घ्यायचं. लपवालपवीतूनच हे सगळं आलं होतं. एकदा ते सगळ्यांचं झालं, धर्मगुरूंनी पाणी शिंपडून उच्चारलं, की मग बाहेर कोणी का पुटपुटेना. नाव आमचं होतं. आम्ही ते निवडलं होतं, रात्र रात्र भांडून. मी ते सोडणार नव्हते.

मी स्वयंपाकघरात केकवर क्रीम लावत होते तेव्हा इर्मेली आत आली आणि दार लावून घेतलं.

"ठरवलेलं नाव देऊ नकोस," ती म्हणाली.

"झालं सुरू."

"हेता. दुसरं दे. कुठलंही. माझ्या आईचं नको देऊस, मांजराचं दे हवं तर."

"का?"

"मला माहीत नाही."

मी सुरी खाली ठेवली. तिने असं आधी कधी म्हटलं नव्हतं.

"खरंच माहीत नाही गं. मला कोणी सांगितलं नाही. माझ्या सासूने म्हटलं, दुसरं ठेव. मी ठेवलं."

"कोणाचं?"

इर्मेली केककडे बघत होती. "ओत्सोचं. आधी दुसरं ठरलं होतं. मीही तुझ्यासारखीच. सरपण आणायला बाबागाडी घेऊन झाडांपर्यंत जायचे, तिथे त्याला त्या नावाने हाका मारायचे. बरं वाटायचं."

"आणि मग?"

"मग ओत्सो ठेवलं."

"ते नव्हे. मग थांबलं का? ते आधीचं नाव... ते ऐकू यायचं बंद झालं का?"

 तिने क्रीमचं भांडं माझ्या हातातून घेतलं आणि केकची कड नीट करायला लागली. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. एवढे दिवस! एवढे दिवस ही बाई मला ढेकर काढायला शिकवत होती, आणि हे एक वाक्य तिला आज, पाहुणे दारात असताना आठवलं होतं.

"तू मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

"कारण दिलं असतंस तर ऐकलं असतं!"

"कारण नाहीये माझ्याकडे," इर्मेली म्हणाली. "तेच तर सांगतेय."

७

घरात बायबलचं वाचन झालं, एक भजन झालं. टेबलावर पांढरा कपडा, त्यावर पाण्याचं चांदीचं भांडं. पुल्ला साइमीच्या हातावर होती, ओत्सोच्या आजोबांपासून चालत आलेल्या लांब झग्यात. झगा तिच्या पायांच्या खाली हातभर लोंबत होता. माझे आईबाबा कपाटाला टेकवून ठेवलेल्या फोनमधून बघत होते. पुल्ला शांत होती. रोज रडणारी पोर आज एकदम शांत, आणि काकू म्हणत होत्या, बघा कशी गुणी आहे.

"बाळाचं नाव काय?" धर्मगुरूंनी विचारलं आणि माझ्याकडे बघून हसल्या.

मी श्वास घेतला. ते नाव माझ्या जिभेवर होतं.

पुल्लाने मान वळवली. माझ्याकडे नाही, धर्मगुरूंकडे नाही. खिडकीकडे. तिचा चेहरा उजळला, भुवया वर गेल्या, तोंड उघडलं. हाक येणार आहे आणि कुठून येणार आहे हे तिला माहीत होतं. ती हाक माझ्या तोंडून यायची नव्हती.

"साइमी," मी म्हणाले.

 ओत्सोने माझ्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलणार होता, पण ओत्सोला वेळ लागतो. माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली. "माझं? वेडी आहेस का तू? माझं?" धर्मगुरूंनी ओंजळीने पाणी घेतलं आणि तीनदा त्या डोक्यावर टाकलं. साइमी. साइमी. साइमी. बाळ रडलं नाही. फोनमधून आईने टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या थांबल्यावर मी ऐकलं.

आधी वाटलं स्वयंपाकघरातला मॉनिटर चालू राहिलाय. तो चालू होताच. पण आवाज तिथून येत होता आणि खिडकीच्या काचेतूनही येत होता. अंगणातून. रडणं. लहान, कापरं, मध्ये श्वास अडकून पुन्हा वर चढणारं. बाळाचं कुठलंही रडणं सारखंच, असं ज्यांना वाटतं त्यांना मूल झालेलं नसतं. मी इतके दिवस ते रडणं खांद्यावर वाहिलं होतं. मी ते हजारांत ओळखलं असतं.

"पुढचं भजन," इर्मेली म्हणाली, आणि धर्मगुरूंनी पुस्तक उघडायच्या आत तिने स्वतःच सुरू केलं. खणखणीत, जवळजवळ ओरडून. काका-काकू दचकले आणि मागोमाग गायला लागले. इर्मेली गाता गाता खिडकीपाशी गेली, कडी घट्ट लावली आणि पडदा ओढला. ती हे पहिल्यांदा करत नव्हती. तिचे हात सांगत होते.

पडदा मिटायच्या आत मला फट दिसली. उन्हात बाबागाडी. टप जंगलाकडे फिरवलेला होता, त्यामुळे गाडीचं तोंड आमच्याकडे होतं. आत, कडेच्या वर, हातमोजे नसलेल्या दोन मुठी. इवल्या, लाल, थंडीत थरथरणाऱ्या. हवेत काहीतरी धरायला बघणाऱ्या.

ओत्सो गात नव्हता. सगळ्या खोलीत तो एकटाच गात नव्हता. त्याची मान खिडकीकडे वळली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी होतं, जणू लांबून त्याला कोणी हाक मारली होती.

मी दाराकडे निघाले. इर्मेलीने माझं मनगट पकडलं, भजनाची ओळ न तोडता. तिचे डोळे पाण्याने भरले होते. जाऊ नकोस, असं तिने मानेनेच सांगितलं.

"पण ती कोण आहे?" मी विचारलं. "इर्मेली, मग ही घरातली कोण आहे?"

ती गातच राहिली. तिच्याकडे याचंही कारण नव्हतं. मला तिचा गळा आवळावासा वाटला, आणि मी तिथेच थांबले, तिचं ऐकून.

साइमीने बाळ माझ्या हातात दिलं. "तुझ्या ड्रेसला काय झालं बघ," ती कुजबुजली. मी खाली बघितलं. माझ्या छातीवर दोन ओले डाग पसरत होते. बाहेरचं ते रडणं ऐकून मला पान्हा फुटला होता. शरीराने मला विचारलंच नव्हतं.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, बटणं काढली आणि बाळाला छातीशी धरलं. दूध तिच्या ओठांवर ओघळलं, हनुवटीवरून झग्यात गेलं. तिने तोंड उघडलं नाही. ती माझ्याकडे एकटक, शांतपणे बघत राहिली, एखाद्या नव्या माणसाकडे बघावं तशी.

बाहेरचं रडणं भुकेचं होतं. मांडीवरच्या बाळाला भूक नव्हती.